वीस पावलं मागे

आमच्या भावोजींना कुणी पाठीमागे उभं राहिलेलं खपत नसे. मी स्टोव्हला पिन मारायला बसले की ते दारातून ओरडत, “वहिनी, पोरांना वीस पावलां मागं घ्या!” आमचं स्वयंपाकघर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आठ पावलांचं. उरलेली बारा कुठून आणू, असं विचारलं तर म्हणत, “मंग परसात धाडा.” पोरं परसात पळत, भाकऱ्या राहून जात आणि माझं डोकं उठे.

हे माझे धाकटे दीर. पनवेलच्या खाडीकाठी आमची मिठागरं. त्या घरातून सैन्यात गेलेले हे एकटेच. सुरुंग पेरणाऱ्या पलटणीत हवालदार झाले आणि चीनच्या लढाईनंतर दोनेक वर्षांनी डावा कान गमावून परतले. कान कसा गेला विचारलं, की उठून जात. वीस पावलांचा जप मात्र अखंड. नणंदेच्या लग्नात कुणी भुईनळा लावला, तर यांनी नवऱ्यामुलासकट सगळं वऱ्हाड मांडवाबाहेर हुसकलं. विहीणबाई रुसल्या त्या रुसल्याच. “सैन्यातला माणूस हाय, सोड,” माझे यजमान म्हणाले. त्यांचं काय जातंय? विहीणबाईंची बोलणी मी खाल्ली.

एका दुपारी काळा चष्मा लावलेला एक तरुण बायकोचा हात धरून दारात आला. साताऱ्याकडचा. “हवालदारसाहेब हितंच ऱ्हात्यात न्हवं?” त्याचा आवाज ऐकला मात्र, भावोजी मागच्या दाराने सटकले. मी परसात गाठलं त्यांना. “पाहुणा दारात आणि तुम्ही पळता?” दंडाला धरून आत आणलं.

“सायेब,” तो म्हणाला, “माज्या कागदावर लिवलंय, सोताच्या चुकीनं जखमी. गावात म्हंत्यात, पिऊन हुबा ऱ्हायला आसंल. तुमी सांगितलं तितंच मी हुबा हुतो. येवढं लिवून द्या.”

भावोजींनी कोनाड्यातून काड्यापेटी काढली. ती सुरुंगासारखी उभी करून मला सांगू लागले. “ही बाजू दुश्मनाकडं. पोटात छर्रे. लांबून बटण दाबला का सगळे समोर पंख्यासारके सुटतान. समोरचा वाचत नाय, त्याच्या मागचा बी नाय. म्हणून मी जवानांना सांगितला, मागं उभं ऱ्हावा, मागं काय भ्या नाय.”

सुरुंगाचा तो नमुना परदेशातून आलेला, शिकवायचा पहिलाच दिवस. हा पोरगा आदल्याच दिवशी पलटणीत आलेला, पाच पावलांवर मागे उभा होता. छर्रे पुढे गेले. धडाका आणि दगडमाती मागेही आली. भावोजींचा कान गेला, त्याचे डोळे.

“वीस पावलां मागं ऱ्हावा, असा पुस्तकात लिवला होता. मी घाईत वाचलाच नाय. चौकशी झाली तवा हा इस्पितळात. मी गप ऱ्हायलो.”

माझा संताप संताप झाला. इतकी वर्षं स्टोव्ह, भुईनळे, माझी पोरं, सगळ्यांचा छळ केला, आणि जिथे दोन ओळी लिहायच्या तिथे गप्प! मी दौत-टाक समोर आपटलं.

“लिहा.”

“वहिनी, नावापुढची हवालदारी जाईल.”

“जाऊ दे.”

त्यांनी लिहिलं. पुढे पलटणीतून बोलावणं आलं, तेव्हा जाऊन सगळं तोंडानेही सांगितलं. त्या जवानाच्या कागदावरचा शेरा बदलला. भावोजींचं काय केलं, नुसतं सुनावलं की आणखी काही, ते आम्हांला कधी कळलं नाही. भिंतीवर टांगलेली त्यांची पदकं पेटीत गेली ती पुन्हा निघाली नाहीत. विचारलं की उठून जात. ती खोड काही गेली नाही.

जवानाची पत्रं येऊ लागली. तो ती बायकोकडून लिहून घेई, भावोजी माझ्याकडून दोनदोनदा वाचून घेत, चुलीवर दूध उतू जात असलं तरी.

भावोजी गेले तेव्हा तो दिवसकार्याला आला. जेवण झाल्यावर माझ्याजवळ बसून म्हणाला, “वैनी, मी सायबांस्नी दोनच दिस बगितलं. दिसायला कसं झालं हुतं?”

मी सांगू लागले. केस पार पिकलेले. दाढी करताना हनुवटी रोज एकाच जागी कापायची. खांदे अजून ताठ.

“हसायचं का?”

“मला तर जन्मभर वैताग दिला,” मी म्हटलं. “तुमचं पत्र आलं की मात्र हसायचे.”