बाबांची नायट्रो गाडी

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बाबांना रिमोटच्या गाडीचं वेड लागलं. गाडी हातभर लांब, पण तिचं इंजिन खरं होतं, नायट्रो इंधनावर चालणारं. रविवारी ते ती नवा रायपूरच्या रिकाम्या रस्त्यांवर पळवत आणि मी नुसती बघत असे. मग त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि बोलण्यातला एकच शब्द उरला, ‘हव’, म्हणजे हो.

एका रविवारी मी त्यांना तिथे नेलं, सावलीत खुर्चीवर बसवलं, टाकी भरली आणि सुरू करायची दोरी ओढू लागले. इंजिन हूं की चूं करेना.

"बाबा, इंधन जास्त जाऊन राहिलं काय? स्क्रू कसू?"

"हव."

मी स्क्रू कसला. काही झालं नाही.

"मग ढिला करू?"

"हव."

मी चुकत होते, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. प्लग काढून, गाडी उलटी करून मी आत साचलेलं इंधन सांडलं आणि नवा प्लग लावला. या वेळी इंजिन फडफडलं, निळसर धूर निघाला. बाबा पुढे झुकले. पण प्लग तापवणारी बॅटरी काढताच ते बंद पडलं. दर वेळी तेच.

शेवटी बाबांनी डावा हात पुढे केला. मी स्क्रूड्रायव्हर दिला, पण थरथरीमुळे तो खाचेत बसेना. मी त्यांचा हात धरला, तर वळवणारी मीच झाले.

ऊन खुर्चीपर्यंत आल्यावर मी गाडी पुसून कारच्या डिकीत ठेवली. बाबा दुसरीकडे बघत होते.