दारू नाय, झटका

“पाजलीस काय गं हिला?”

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठलीसुद्धा नाय. तिथूनच विचारलं. खालापूरच्या बाजूचा सरकारी दवाखाना, दारापर्यंत रांग, आणि माझ्या कडेवर माझी सात वर्षांची सुगंधा. तोंड एका बाजूला ओढलेलं, लाळ गळतेय, उजवा हात नुसता लोंबतोय. बोलायला गेली की जीभ अडखळायची. आदल्या दिवशी आमच्या ठाकरवाडीत दिराचं लग्न झालेलं. पोरीच्या गालाला हळद तशीच होती. बाईनं हळद बघितली, पोर नाय बघितली. ठाकरांचं लग्न म्हणजे दारू, पोरंबी प्यायली असणार. झालं.

रांग हसली. लाजेनं मीपण हसले. बाई म्हणाली, झोपव, उतरेल. वर ताकदीचं औषध दिलं.

घरी पोचेस्तोवर तोंड सरळ झालं. हात हलायला लागला. सासू म्हणाली, सुटलीस गं बाई.

सुगंधाला सिकलसेल हाय, रक्ताचा जन्मापासूनचा आजार, हे आमाला ठाऊक होतं. अंग दुखतं, रक्त कमी होतं, एवढंच ठाऊक. पुढं कर्जतच्या शिबिरात दुसऱ्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, ती दारू नव्हती, लकव्याचा झटका होता, छोटा. वाकड्या रक्तपेशी मेंदूच्या नळीत अडकतात. मोठा आला तर हात, पाय, बोलणं कायमचं जाईल. पण अडवता येतो. डोक्याच्या नळ्यांची सोनोग्राफी त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात करवून घेतली. रोजची गोळी लिहून दिली, मधेमधे रक्त तपासायला सांगितलं. गोळी तुमच्या दवाखान्यातच मिळेल, म्हणाले.

कुणाचा राग करू, तेच कळेना.

पुन्हा तीच बाई. कागद वाचला, बाजूला सारला.

“रोजची गोळी तुमच्या लोकांना झेपत नाही. दिवाळी झाली की वीटभट्टीवर पळता. रक्त कोण तपासणार?”

मी उठले नाय.

“मॅडम, त्या दिवशी पोरीला झटका आला होता. तुमी दारू म्हणालात. गोळी घेतल्याबिगर मी हलणार नाय.”

आवाज खाली ठेव, म्हणाली. मी रांगेकडं वळले. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, पोराचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली तर घरी झोपवू नका, मोठ्या हॉस्पिटलात पळा. शिपाई मला बाहेर काढायला आला. बाया बाजूला झाल्या नाय.

गोळी मिळाली.

यंदा नवरा एकटाच भट्टीवर गेला. भट्टीवाल्याला नवरा-बायकोची जोडी लागते, एकट्याला धड काम देत नाय. नवरा रागावलाय. रागावू दे. मी वाडीतच राहिले, पोरीचं रक्त वेळेवर तपासायचंय. रोज सकाळी गोळी दिली की माझी बोटं तिच्या उजव्या हातात देते आणि म्हणते, दाब. ती दाबते. ज्या दिवशी मूठ ढिली लागेल, त्या दिवशी दवाखान्याचं दार बंद असलं तर मी दार तोडीन.