गाडी कोणी थांबवली

गाडी मी थांबवायला सांगितली होती. चूक माझी. पोलीस ठाण्यात एवढंच एक वाक्य बोलायचं होतं. तेवढंच मी बोललो नाही.

मी खुर्चीवर होतो. हातात चहा. कपाळावरच्या खोकेला कुणीतरी कापूस लावून दिला होता. छेदीलाल समोर जमिनीवर उकिडवा बसला होता. आमच्या ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर, रोजंदारीवरचा. त्याचं उजवं मनगट सुजून दुप्पट झालेलं. त्याला कापूस नव्हता. दरोगा, म्हणजे आपल्याकडचा फौजदार, त्याच्या हनुवटीखाली काठी धरून विचारत होता.

"नाम?"

"छेदीलाल, हुजूर."

"आगे?"

"बस, छेदीलाल."

"बस? कौन जात?"

"जाटव."

दरोगा माझ्याकडे बघून हसला. जणू तपास संपला. मग त्याने त्या जातीच्या नावाचीच शिवी केली आणि काठी छेदीलालच्या पाठीवर घातली. "गाडी किसने रुकवाई, बे? तेरे ही भाई-बंद थे न?"

छेदीलालने माझ्याकडे बघितलं.

मी चहा प्यालो.

"आपने तो नहीं रुकवाई होगी, साहब?" दरोगाने मला अदबीने विचारलं.

"अंधेरा था," मी म्हणालो.

काय उत्तर आहे. अंधारात माणसाला स्वतःची जीभ दिसत नाही बहुतेक.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. मी केंद्र सरकारच्या नोकरीत ज्युनिअर इंजिनिअर. सीतापूरच्या बाजूची साइट बघून आम्ही रात्री लखनौला परतत होतो. जानकीपुरमच्या अलीकडे तेव्हा नुसते आखलेले प्लॉट आणि शेतं. हेडलाइटमध्ये एक माणूस दिसला. आडवी पडलेली स्कूटर, पांढरा कुर्ता, कपाळावर ठसठशीत टिळा. हात जोडून उभा.

"रोक, छेदीलाल. भला आदमी लगता है."

"भला आदमी इस बखत अपने घर पर होता है, साहब."

"मैं कह रहा हूं, रोक."

टिळा बघून मी भलेपणा ठरवला. मी. ज्याच्या बापाने जन्मभर टिळेवाल्यांच्या वाटेतून बाजूला होऊन चालायचं, त्याचा शिकलेला मुलगा.

छेदीलालने ब्रेक मारला. काच खाली केली तेव्हा त्या भल्या माणसाच्या हातात कट्टा होता, गावठी पिस्तूल. शेतातून आणखी दोघं आले. मला केस धरून बाहेर ओढलं. कट्ट्याची मूठ कपाळावर बसली. मी दोन्ही हात वर करून "ले जाओ, ले जाओ" म्हणत होतो. गाडी माझ्या बापाची असल्यासारखं. छेदीलालने स्टिअरिंग सोडलं नाही. त्यात शूरपणा नव्हता. गाडी गेली की रोजी गेली, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी रॉडने मनगट फोडलं, तेव्हा हात सुटला. मग त्याच्याच गमछ्याने त्याचा धड हात माझ्या हाताला बांधला आणि आम्हाला कडेच्या नाल्यात ढकलून दिलं.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर छेदीलाल कण्हत म्हणाला, "अब तो साहब, हमसे पूछे बिना मूतने भी नहीं जा सकते."

मी हसलो. डोळ्यात रक्त उतरत होतं आणि मी मोठ्याने हसलो. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसलो होतो, पण त्याच्याबरोबर असा हसलो नव्हतो.

गाठ चिखलाने आवळली होती, सुटेना. तसेच चालत ठाण्यापर्यंत गेलो. तो थांबला की मी थांबायचो. ठाण्यात शिपायाने ब्लेडने गमछा कापला. मला खुर्ची दिली, त्याला खाली बसवलं.

लुटणाऱ्यांनी आमची जात विचारली नव्हती. एकाच फडक्यात दोघांना बांधलं. विचारली ती सरकारी टोपीने.

उजाडता उजाडता आमचे बडे साहब आले. इस्त्रीचा सफारी, तोंडात पान. छेदीलाल दारातच बसला होता. वाटेतली चप्पल ओलांडावी तसे त्याला ओलांडून आत आले.

"पंडितजी, आप ठीक हैं न? गाडी का क्या है, मिल जाएगी. इन लोगों को स्टिअरिंग देना ही गलत है."

पंडितजी म्हणजे मी. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी विचारलं होतं, "महाराष्ट्र में आप लोग क्या होते हैं?" माझं आडनाव वर्ध्यात उच्चारल्याबरोबर लोकांना कळतं. लखनौला ते कुणाला वाचता येत नाही. मी म्हणालो, "मराठी." ते हसले. माझ्या डब्यात मटण नसायचं, इंग्रजी बरं होतं. तेवढ्यावर त्यांनी मला ब्राह्मण करून टाकलं. माणसाची परीक्षा घ्यायची यांची हुशारी एवढी. पण मीही नाही म्हणालो नाही. ऐकायला गोड वाटायचं. ऑफिसचे लोक घरी यायचे असले की बाहेरच्या खोलीतली निळ्या कोटातली तसबीर काढून मी आत पलंगामागे ठेवायचो. ज्यांच्यामुळे पेन हातात आलं, त्यांना भिंतीकडे तोंड करून.

घरी गेल्यावर बायकोने जखम धुतली. आधी छेदीलालचं विचारलं. मी सांगितलं.

"आणि तुम्ही काहीच नाही बोलले?"

"काय बोलणार? पोलिसांचं काम आहे."

"मामाजींना, तुमच्याच बाबांना, गावच्या चौकीवर असंच खाली बसवलं होतं ना? तुम्हीच सांगता दर वेळी." तिने बोळा वाटीत पिळला. "आता खुर्चीवर तुम्ही आहे. तेवढी प्रगती झाली."

पुढे काही दिवसांनी गाडी एका उसाच्या शेतात सापडली. छेदीलालला मार खाऊन झाल्यावर सोडून दिलं. कुणी सॉरी म्हटलं नाही. कामावर आला तर गेटवरच अडवलं. बड्या साहबांना त्यांच्या गावचा कुणी ड्रायव्हर लावायचा होता. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला.

"पंडितजी, आप तो साथ में थे. बस इतना कह दीजिए कि गाडी उसने अपने मन से रोकी. बाकी हम देख लेंगे."

कप माझ्यासमोर आला. तोच वास, ठाण्यातल्या चहाचा. मी कप सरकवला.

"गाडी मैंने रुकवाई थी. वो मना कर रहा था."

"अरे, आप भावुक हो रहे हैं, पंडितजी."

"मैं पंडित नहीं हूं. छेदीलाल आपके यहां जो है, मैं अपने यहां वही हूं. महार."

त्यांनी पान चघळायचं थांबवलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कपाकडे. लखनौची तहजीब काय सांगावी, त्यानंतरही ते मला 'आप'च म्हणत राहिले. 'बैठिए' तेवढं गेलं. घंटी वाजवून शिपायाला कप उचलायला सांगितला आणि कुठे ठेवायचा ते डोळ्यांनी दाखवलं. इतकी वर्षं याच कपांतून प्यायलो होतो. तेव्हा धर्म बुडाला नव्हता. मला त्यांची भीती वाटायची, ती त्या क्षणी गेली. उरली ती किळस, थोडी त्यांची, जास्त माझी.

संध्याकाळी आलमबागला, बस अड्ड्यामागच्या गल्लीत छेदीलालचं घर शोधलं. एक खोली. तो दारात खाटेवर, हात प्लास्टरमध्ये.

"आइए पंडितजी. रास्ता कैसे भूले?"

बसा म्हणाला नाही. त्याच्या बायकोने पाणी विचारलं नाही. बरोबर केलं.

दारातून समोरची भिंत दिसत होती. निळ्या कोटातली तसबीर, ताजा हार. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. मी बघत राहिलो.

"पहचानते हैं इनको?" छेदीलालने विचारलं.

मी हिंदीत बोललो. इथे माझ्या भाषेत लिहितो, म्हणजे मला पळवाट राहणार नाही. त्याला मी पहिल्यांदा 'आप' म्हटलं.

"छेदीलाल, गाडी मी थांबवली. तुम्ही नको म्हणत होता. ठाण्यात तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी चहा प्यालो, कारण तुमच्यानंतर ते मला जात विचारतील अशी भीती होती. हे तुमच्या घरात आहेत ते माझ्याही घरात आहेत, पलंगामागे. आज रात्री बाहेर लावतोय. तुमच्या हाताची, तुमच्या पाठीवरच्या काठीची माफी मागतो. द्यायची की नाही, तुम्ही ठरवा. उद्या सकाळी ठाण्यात जबाब बदलायला जातोय. खुर्ची दिली तरी बसणार नाही."