रॉबीभाऊचे बूट

पाळी सुटायच्या आधी भोंगा वाजला की माजरीत कोणी कोणाला काही विचारत नाही. हातातलं टाकून सगळे खाणीच्या तोंडाकडे धावतात. होळीच्या सुमाराला तो वाजला तेव्हा मी धावलो नाही, कारण माझं कामच तिथे. खाली जाणाऱ्याला दिवा द्यायचा, त्याचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा. दिवा परत आला की बिल्ला परत. आत छत बसलं होतं. काळवंडलेले चेहरे एकेक करत वर आले, आपापले बिल्ले घेऊन गेले... दिवेलागणीला फळीवर एकच उरला, रॉबीभाऊचा. खाली उतरायला लागू नये म्हणून ज्यानं सात समुद्र ओलांडले, त्याचा!

रॉबी स्कॉटलंडचा. घरात सगळे खाणकामगार, बाप कोळशाखालीच गेलेला. पायात फुटबॉल होता म्हणून हा सुटला. तिकडे एका लहानशा क्लबात खेळला, मग कलकत्त्याला आला, आणि तिथून आमच्या मॅनेजरनं त्याला उचलून आणलं. बोली साधी होती : खाणीच्या टीमसाठी खेळेल तोवर वरच्या ऑफिसात काम. पहिल्या दिवशी आमची अनवाणी फौज पाहून तो हसला, आणि त्याचे खिळ्यांचे बूट पाहून आम्ही. "हा का नांगरायले आला का बे?" असं मैदान राखणारा महादूभाऊ म्हणाला. पण चेंडू त्या बुटाशी आला की सगळ्यांची बोलती बंद व्हायची. मैदानात पाऊल टाकण्याआधी आम्ही वाकून माती कपाळाला लावायचो, तेही तो शिकला. एकदा मी विचारलं, "साहेब, घर की याद नहीं आती?" म्हणाला, "आती है. पर वहाँ घर के नीचे खान है."

चैत्रात आमच्याकडच्या काळ्या जमिनीला हात हात खोल भेगा पडतात. गेल्या वर्षी बल्लारपूरशी सामना ठरला, तेव्हा साहेबाचा पाय मुरगळू नये म्हणून महादूभाऊनं मोठ्या मायेनं बॉयलरची राख आणून त्या बुजवल्या, वरून पाणी शिंपडलं. मैदान सारवल्यासारखं दिसत होतं. आम्हाला ती भुसभुशीत राख तळव्याला लागायची, पाय आपोआप बाजूला पडायचा. बुटाला काय कळणार? रॉबीभाऊ भरधाव आला, पाऊल नडगीपर्यंत आत गेलं आणि अंग पुढे. गुडघ्याचा आवाज मी ऐकला. महादूभाऊ कपाळ बडवत रडत होता, आणि पांढराफटक पडलेला हा माणूसच त्याची समजूत घालत होता, "मैदान अच्छा था, भाऊ."

गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. मॅनेजर पावसाळाभर थांबला, तेवढीच त्याची मेहेरबानी. मग म्हणाला, खेळत नाहीस तर खाली देखरेखीला उतर, नाहीतर घरी जा. घरी जायचं म्हणजे पुन्हा खाणच... भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. मला त्या मॅनेजरचा राग आला होता, अजून आहे. पहिल्या पाळीला दिवा घेताना रॉबीभाऊनं काखेतले खेळायचे बूट माझ्यापुढे ठेवले. "इनको रख. ये नीचे नहीं जायेंगे." खाणीच्या तोंडाशी वाकला, माती कपाळाला लावली आणि लंगडत आत गेला.

ते बूट दिव्यांच्या खोलीत, त्याच्या बिल्ल्याच्या खिळ्यालाच टांगलेत. काढा म्हणून मॅनेजरचं दोनदा सांगून झालं. मी काढत नाही.

परवा घरी जाताना मैदानात महादूभाऊ दिसला. टळटळीत ऊन, सामना नाही, टीम तर मोडल्यातच जमा. आणि तो अनवाणी, एकेक पाऊल दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता.

"महादूभाऊ, काऊन चालून राह्यले? आता कोन खेळते इथी?"

"कोनी नाई."

"मंग?"

त्यानं मान वर केली नाही. "त्या दिवशी असा चाल्लो असतो, तं मले समजलं असतं ना रे..." म्हणाला, आणि पुढचं पाऊल दाबलं.