मार्गदर्शकाचा चौकोन

सोमवारी आमच्या विभागाचे कार्यालयीन अधीक्षक वासनिक वारले. मंगळवारी एम.टेक. प्रवेशाची फाईल माझ्या टेबलावर आली.

एकोणीस वर्षं आम्ही दुपारचा डबा एकत्र खाल्ला होता. फाईल उघडायला मला दोन दिवस लागले.

जागा अठरा होत्या. प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, दहाच्या खाली आलात तर कोर्स बंद. हा कोर्स मी आणि वासनिकांनी मिळून सुरू केला होता. प्रवेश संपायला पाच आठवडे उरले होते.

मी सिव्हिलच्या मुलांना प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवते. पूल बांधताना कोणतं काम कशानंतर येतं, हे चौकोन आणि बाणांनी दाखवायचं. त्यातली सगळ्यात लांब साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. तिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं की सगळंच एक दिवस लांबतं. भाजी कितीही लवकर झाली, तरी कुकर उघडल्याशिवाय पानं वाढता येत नाहीत. तसंच.

तोच तक्ता मी प्रवेशासाठी भिंतीवर लावला. पत्रकं, फोन, मेसेज, कागदपत्रांची तपासणी. झालेलं काम हिरवं करायचं. दोन आठवड्यांत जवळजवळ सगळं हिरवं झालं. प्रवेश झाले तीन.

लॅब असिस्टंट रामटेके तक्त्यासमोर उभे राहिले. "मॅडम, हिरवंगार तर लय झालं. पण पीक काही दिसून नाही राहिलं."

त्याच दुपारी पारशिवनीच्या पूजाला मी तिसऱ्यांदा फोन केला. गुण उत्तम, अर्ज पूर्ण, पण ती प्रवेश घेत नव्हती.

"मॅडम, वासनिक काका नाही आहेत का?"

"ते गेले गं."

ती म्हणाली, "त्यांनी मले म्हटलं होतं, पाण्यावर काम करणाऱ्या सरांशी बोलणं करून देतो. मी फोनची वाटच पाहून राहिली होती. घरचे विचारतात, दोन वर्षं कोणाच्या हाताखाली शिकशील? मी काय सांगू?"

मी फाईल पुन्हा काढली. जुन्या वर्षांच्या अर्जांवर समासात पेन्सिलीने एकेका प्राध्यापकाचं आडनाव होतं. मला ती टिपणं क्षुल्लक वाटली होती. ज्या अर्जावर आडनाव होतं, तो विद्यार्थी बहुतेक वेळा आलेला होता.

आमच्याकडे गाईड, म्हणजे प्रबंधाला मार्गदर्शन करणारा प्राध्यापक, प्रवेशानंतर सिनिऑरिटीने वाटून मिळतो. वासनिक ती गाठ गुपचूप आधीच घालून देत होते. माझ्या तक्त्यात हा चौकोनच नव्हता, आणि क्रिटिकल पाथ तिथूनच जात होता.

मी विभागप्रमुखांकडे गेले. "सर, गाईडची भेट प्रवेशाच्या आधी घेऊ."

"अहो मॅडम, लग्नाआधी सासर दाखवता का?"

"आता दाखवतात, सर. आणि पोरी नकारही देतात."

"आणि सीनियर लोकांना काय सांगू? पोरगं आपल्या मर्जीनं गाईड निवडतंय म्हणून?"

मी जुन्या अर्जांचा गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी दहा-बारा समास पाहिले. स्वतःचं आडनाव दोनदा सापडलं. "हा माणूस पोरं भेटायला पाठवायचा, पण कशासाठी ते सांगायचाही नाही," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. "करा. पण यादी मी पाहीन."

पुढचे तीन आठवडे एकच काम होतं. प्रत्येक अर्जदाराचं गाईडशी बोलणं, शक्यतो घरच्यांसमोर. पूजा आईला घेऊन आली. पाण्याच्या सरांनी आईलाच प्रयोगशाळा दाखवली. निघताना आई म्हणाली, "सर, हिले रागवा जराक. घरी कोणाचंच ऐकत नाही." प्रवेश त्याच दिवशी झाला.

शेवटच्या दिवशी तेरा जागा भरल्या होत्या. प्राचार्यांनी तक्त्याचा फोटो घेतला आणि इतर विभागांना पाठवला. मला अभिमान वाटला, नाकारत नाही. इतकी वर्षं शिकवलेला विषय माझ्या स्वतःच्या कामी आला होता.

शिकले ते एवढंच. तक्ता आपण लिहिलेलीच कामं दाखवतो. तो आखण्याआधी ते काम करणाऱ्या माणसाला विचारावं, आणि तो माणूस असेपर्यंत विचारावं.

वासनिकांची जागा अजून भरलेली नाही. फाईल माझ्याकडे आहे. कोर्स सुरू आहे.