आधी उतरायचं कसं ते सांग

अण्णा कुठलाही जिना चढण्याआधी तो उतरायचा कसा याचा विचार करायचे. आमचं ट्रॅव्हल ऑफिस मल्लेश्वरममध्ये एका साडीच्या दुकानाच्या डोक्यावर होतं आणि वर यायचा जिना अरुंद, उभा, वर वळण घेणारा. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी खालूनच विचारलं, "वर येतो खरं, उतरायला दुसरी वाट आहे काय?" दुसरी वाट नव्हती. मग थोडा वेळ खालीच कुजबुज झाली आणि शेवटी एक उंच, सडसडीत, टोपीवाले गृहस्थ वर आले. त्यांच्या पुढे, एकेका पायरीवर दम खात, त्यांची बायको, अक्का. चढताना ती पुढे आणि ते मागे, उतरताना ते पुढे आणि ती मागे, असा त्यांचा कायदा होता. उतरताना अण्णा एक पायरी खाली राहून, मागे न बघता, उजवा हात पाठीमागे वर धरायचे. अक्का तो हात धरून उतरायच्या. रस्त्यावर पोचल्या की अण्णा कानडीत 'ठीक' म्हणावं तसं म्हणायचे, "सरी. आली जमीन."

मी त्या काळात कायमच दमलेली असे. लग्न होऊन पुण्याहून बेंगळुरूला आले होते. नवरा सॉफ्टवेअरवाला, म्हणजे घरी फक्त झोपायला येणारा. यशवंतपूरहून बसमध्ये लोंबकळत ऑफिसला यायचं, दिवसभर काशी-रामेश्वर आणि सिंगापूर विकायचं, आणि बसमध्ये लोंबकळत परत जायचं. मराठी बोलायला माणूस नाही. त्यात हे दोघे बेळगावकडचे निघाले, चाळीसेक वर्षं मल्लेश्वरममध्ये राहिलेले, तर मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. झालाही, पहिल्या दिवशी.

काम असं होतं. त्यांच्या अमेरिकेतल्या मुलानं आईला विचारलं होतं, तुला कुठे जायचंय ते सांग, मी पाठवतो. सगळ्यांना वाटलं बाई बद्रीकेदार म्हणेल. अक्का म्हणाल्या, पेंग्विन बघायचेत. मुलानं दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालणाऱ्या एका मोठ्या जहाजाचं बुकिंग करून टाकलं आणि पुढचं निस्तरणं आमच्या ऑफिसवर आलं: विमानं, व्हिसा आणि मुख्य म्हणजे जहाज ज्या ज्या बंदरात थांबेल तिथून पेंग्विन बघायला जाण्याच्या सहली. आमच्या मालकांनी पेंग्विन बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा पाहिला नव्हता. त्यांनी ती फाईल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमचेच लोक आहेत, नोडकोळ्ळी." म्हणजे तुमचं तुम्ही बघून घ्या.

"पेंग्विनच का हो अक्का?" मी विचारलं होतं. त्या पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "टीव्हीवर बघितलं की मी. त्या प्राण्यात नवरा अंडं सांभाळत उभा राहतो आणि बायको समुद्रावर जाते. महिना-महिना. तीस वर्षं सासूबाईंचं अंथरूण काढलं मी, गणपतीच्या देवळापलीकडे गेले नाही. असा कुणी नवरा जगात आहे म्हणतात, तर मरायच्या आत डोळ्यांनी बघते." अण्णा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "बघ की. मी कुठं नको म्हणतोय." डॉक्टरांनी अक्कांच्या गुडघ्याबद्दल स्पष्ट सांगितलं होतं, जे हिंडायचं ते या वर्षात हिंडून घ्या. म्हणजे घाई खरी होती.

पण घाईला अण्णा जुमानतील तर ना. ते सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. साहेबलोकांच्या पाहणी दौऱ्यांची आखणी करण्यात त्यांची उमर गेलेली. साहेबांना पूल दाखवायचा तर आधी सावली कुठे, चहा कुठे, संडास कुठे, आणि गाडी उलटी वळवायला जागा आहे का, हे बघायचं. पूल काय, तो असतोच तिथे. हाच हिशेब त्यांनी पेंग्विनांना लावला. मी बेटाचं वर्णन वाचून दाखवू लागले की ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "सुंदर. आता आधी उतरायचं कसं ते सांग, मग बघायचं काय ते सांग." हे वाक्य त्या पावसाळ्यात मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू यायचं. एका बससहलीत बसच्या पहिल्या पायरीची उंची किती, हे त्यांनी मला जहाज कंपनीला फॅक्सनं विचारायला लावलं. मी लाजत पाठवला फॅक्स. तिकडच्या बाईनं, कोण होती देवाला ठाऊक, खरंच कुणाला तरी मोजायला लावलं असावं, कारण उत्तर इंचांत आलं. अण्णांनी ते वाचलं, घरी जाऊन त्या उंचीचा पाट ठेवला आणि अक्कांना चढ-उतर करायला लावली. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "जमतंय. स्वल्प धरावं लागतंय, जमतंय खरं."

आले की ते खालच्या दर्शिनीतून, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलातून, बाय-टू कॉफी मागवायचे, एका कपाची दोन ग्लासांत. एक ग्लास अक्कांना, एक मला. स्वतःला नाही. "मला पित्त होतं," म्हणायचे. मी वैतागलेली असायची, मालक माझ्याकडे बघून भुवया उडवायचे, पण कॉफी पुढे आली की पुन्हा जहाज कंपनीचं माहितीपुस्तक उघडायची.

आणि मग टेंडरची गंमत झाली. त्या पुस्तकात काही बंदरांपुढे नांगराचं चित्र होतं आणि खाली छापलेलं, टेंडर. अण्णा सकाळीच आले, चेहरा गंभीर. "पेंग्विन बघायलासुद्धा टेंडर?" म्हणाले. "अनामत किती? बोली सीलबंद द्यायची काय? आणि आपलं टेंडर नाही लागलं तर जहाजावर बसून राहायचं?" हसू नका, मलाही माहीत नव्हतं. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, परदेशात सगळं शिस्तीत असतं, असेलही. मग मी आणि अण्णांनी मिळून इंग्रजीत एक नमुनेदार फॅक्स लिहिला, की सदर टेंडरच्या अटी व शर्ती कळवाव्यात, आम्ही दोघे इच्छुक आहोत. अण्णांनी त्यात 'आपला विश्वासू'पर्यंत सगळं घालायला लावलं.

उत्तर आलं तेव्हा दोघेही समोर बसले होते. मी वाचत वाचत भाषांतर करत गेले. टेंडर म्हणजे छोटी बोट. जिथे मोठं जहाज धक्क्याला लागू शकत नाही, तिथे ते समुद्रातच उभं राहतं आणि माणसं जहाजाच्या पोटातून या हलत्या बोटीत उतरतात. वारा असला तर टेंडर रद्द. मला हसू आवरेना. वर बघितलं तर अण्णांच्या तोंडचं पाणी पळालेलं. त्यांनी पुस्तक मिटलं, टोपी घातली, आणि "येतो" म्हणून उठले. कॉफी यायची होती, तीही राहिली.

दुसऱ्या दिवशी अक्का एकट्या आल्या. जिना कसा चढल्या त्यांनाच ठाऊक. म्हणाल्या, लग्नानंतर दोन वर्षांनी हे मला कारवारला घेऊन गेले. लाँचमधून बेट बघायला. परत येताना धक्क्यावर चढताना लाँच हलली आणि मी मधल्या फटीत गेले. गुडघा तेव्हाचा. "यांनी हात सोडला होता, चपला घ्यायला वाकले होते. बस्स, एवढंच. मी कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. न बोलल्यामुळे हे आयुष्यभर हात धरून बसलेत." मग मला म्हणाल्या, "ते रद्द करा म्हणतील. तू करू नकोस."

ते खरंच आले आणि रद्द कर म्हणाले. मी इतकी दमलेली होते की एरवी आनंदानं केलं असतं, पण नाही केलं. टेंडर नसलेलं बंदर शोधू, म्हटलं. आम्ही पुस्तक पुन्हा पहिल्यापासून उलगडलं आणि टेंडरवाली सगळी बंदरं बाद केली. अर्जेंटिनातलं एक बंदर उरलं, जिथे जहाज थेट धक्क्याला लागत होतं. जिन्यावरून जमिनीवर, जमिनीवरून बसमध्ये, त्या मोजलेल्या पायरीवरून, आणि मग खडीच्या रस्त्यानं लांबवर पेंग्विनांपर्यंत. सगळा भरवसा त्या एका दिवसावर. अण्णा म्हणाले, "सरी. बुक कर." ते डिसेंबरात गेले आणि माझ्या टेबलाला एकदम शांतता आली. मला ती आवडली नाही.

संक्रांतीनंतर दोघे आले. तिळगूळ हातावर ठेवत अण्णा म्हणाले, "तुझं बंदर बंद झालं." वारा सुटला, जहाज धक्क्याला लागलंच नाही, सरळ पुढे गेलं. खडीचा रस्ता, बस, पायरी, सगळं पाण्यात. पुढे फॉकलंड बेटं, तिथे टेंडर. अक्का सकाळी नऊवारीवर स्वेटर, त्यावर मुलानं पाठवलेला कोट असं चढवून तयार. जहाजाच्या पोटातलं दार उघडलं, खाली बोट वरखाली होत होती.

"मी आधी उतरायला गेलो," अण्णा म्हणाले. "पायच उचलेना. खलाशी हात पुढे करतोय, मागं माणसं थांबलीत, आणि माझा पाय म्हणजे खांब. ही मागून म्हणाली, सरका."

"मी म्हटलं, तुम्ही थांबा, मी स्वल्प बघून येते," अक्का म्हणाल्या. "पिशवी यांच्या हातात दिली. त्या पोरांनी मला दोन्ही दंडाला धरून अलगद उचललीच. मी काही जड नाही."

त्या दुपारभर बेटावर होत्या. वाऱ्यात, गवतात, दोरीच्या अलीकडे उभ्या. एक पेंग्विन बिळाच्या तोंडाशी उभा होता, म्हणाल्या, मान वळवून वळवून समुद्राकडे बघत. "बायको गेलेली असणार. त्याला बघितलं आणि मला एकदम यांची आठवण आली. मग काय, बघून झालं माझं. परत बोटीत बसले."

"तुम्ही काय केलंत अण्णा?" मी विचारलं.

"कठड्याशी होतो," ते म्हणाले. "पिशवी धरून. त्या लोकांनी खुर्ची दिली खरं, बसवेना."

अक्का हसायला लागल्या आणि पदर तोंडावर घेतला. मग मला कळलं की त्या रडताहेत. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाय-टू सांग गं कुणाला तरी." त्या दिवशी तिघांसाठी दोन कॉफ्या मागवल्या आणि पहिल्यांदाच अण्णांनी ग्लास उचलला. पित्ताचं काही बोलले नाहीत.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी अक्का गेल्या. गुडघ्यानं नाही, साध्या तापानं सुरुवात झाली आणि मग वेळच मिळाला नाही. मी भेटायला गेले तेव्हा अण्णा फाटकाशी उभे होते. लोक येत होते, बसा म्हणत होते, ते मान हलवून उभेच राहत होते. मी थोडा वेळ शेजारी उभी राहिले.

मुलानं त्यांना अमेरिकेला बोलावून घेतलं. तिकिटासाठी अण्णा आमच्या ऑफिसात आले, एकटे, जिन्याबद्दल एक शब्द न बोलता. मी तिकीट समोर ठेवलं आणि वाट बघत राहिले. विमान कुठे बदलायचं, चालणं किती, तिकडे घ्यायला कोण, सरकता जिना असला तर काय. एकही प्रश्न आला नाही. माझ्यानं राहवेना. मीच एकेक सांगत सुटले, हे इथे उतरायचं, हे असं, व्हीलचेअर सांगितलीय, लाजू नका. ते ऐकत होते की नव्हते कोण जाणे. "परतीचं कधीचं करू?" मी विचारलं.

"परतीचं नको," म्हणाले. "स्वल्प दमलो गं."

आता मीही साठीला आलेय. नवीन पोरं माझ्या हाताखाली लांबलांबच्या सहली आखतात, पडद्यावर सुंदर चित्रं दाखवतात, आणि मी म्हणते, आधी उतरायचं कसं ते सांग. ती एकमेकांकडे बघतात. बघू देत.

त्या दिवशी अण्णा निघाले आणि छत्री टेबलावरच विसरले. ती घेऊन मी त्यांच्या मागे धावले. ते जिन्याच्या वळणावर पोचले होते. मी वरच्या पायरीवर, ते एक पायरी खाली. त्यांनी मागे बघितलं नाही. फक्त उजवा हात पाठीमागे वर आला आणि तसाच थांबला.

मी छत्री काखेत मारली आणि हात धरला. आम्ही एकेक पायरी उतरलो, सावकाश, अक्का उतरायच्या तशा. खाली रस्त्यावर पोचल्यावर अण्णा काही बोलेनात, म्हणून मीच म्हटलं, "आली जमीन, अण्णा."