माशांच्या शुक्रवारी फुटलेला बँड

आमचा डेरिल टोलेडोत गाड्यांना सायलेन्सर बसवतो. दिवसभर दुसऱ्यांचा आवाज बंद करायचा आणि संध्याकाळी आमच्या तळघरात असा आवाज काढायचा की वरच्या फडताळातल्या बशा चालू लागायच्या. थोरली बहीण म्हणून मी ते सगळं सोसलं आहे.

बँडमध्ये तिघं. डेरिल गिटार वाजवायचा आणि गायचा, जिल पावलक बास वाजवायची, ड्रमवर क्रेग. नाव ठेवलं ‘मॉथ लिनन’, म्हणजे कसर लागलेलं कापड. बाबा म्हणाले, "डांबरगोळ्या घाला त्यात."

डेरिलच्या पायाशी पेडलांचा बाजार मांडलेला असायचा. एक दाबलं की गिटार गुरगुरायची, दुसरं दाबलं की विहिरीत पडल्यासारखी घुमायची. गाणं संपेपर्यंत मान खाली, नजर बुटांवर, नाहीतर डोळे मिटलेले. लोक म्हणायचे, काय ही तल्लीनता! तल्लीनता कसली? कुणाच्या तोंडाकडे बघून ‘नको’ म्हणणं त्याला लहानपणापासून जमत नाही. त्यापायी मावशीचे दोन पोपट आमच्या घरी येऊन राहिले होते.

त्या गोंगाटाखाली तो काय गातो, ते कुणालाच कळायचं नाही. जिललाही नाही. तेव्हा अशा बँडांची रीतच होती ती. शब्द कळले तर कमीपणा.

ब्याण्णव साली त्यांची छोटी रेकॉर्ड कॉलेजांच्या रेडिओवर वाजू लागली. डेट्रॉइटहून बोलावणं आलं, शिकागोहून आलं. मग कॅलिफोर्नियातल्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस ऐकायला येणार असं ठरलं. पसंत पडलं तर करार, आणि तिघांनी बिऱ्हाड तिकडेच हलवायचं. जिलने नवी सूटकेस आणून आमच्या जिन्यात ठेवली.

"डेरिल, तू येतोयस ना नक्की?"

"हं," डेरिल बुटांना म्हणाला.

ठरलेल्या क्लबात आदल्या दिवशी नळ फुटला. क्रेगच्या आईने चर्चचा हॉल मिळवून दिला. ती तिथल्या स्वयंपाकघराची मुख्य. लेंटचा उपास चालू होता आणि वार शुक्रवार, म्हणजे मांस बंद, मासे तेवढे चालतात, आणि अर्धी वस्ती त्या स्वयंपाकघरातल्या तळलेल्या माशांसाठी रांगेत उभी. हे आम्हा सगळ्यांना जन्मापासून ठाऊक. तरी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुसरं गाणं रंगात आलं आणि आत बायकांनी विजेवरच्या सगळ्या कढया एकदम सुरू केल्या. फ्यूज उडाला. गिटार गेली, बास गेला, क्रेग काठ्या हातात धरून थांबला. माईक तेवढा फादरांच्या जुन्या लाउडस्पीकरवर होता, त्याची लाइन वेगळी. डेरिलचे डोळे मिटलेले, कानांत नेहमीचे कापसाचे बोळे. तो गातच राहिला.

"जिल, मला नाही गं जायचं. शनिवारी बोलिंग, रविवारी बाबांबरोबर तळ्यावर, मला इथंच बरं वाटतं. क्रेग, तुला सांगू कसं? मला नाही जायचं..."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, किती गोड गळा आहे पोराचा!"

मग डेरिलने डोळे उघडले. अख्खा हॉल त्याच्याकडे बघत होता, रांगेतली मीसुद्धा. कंपनीच्या माणसाने मासे घेतले, छान झाले आहेत म्हणाला आणि गेला.

बाहेर व्हॅनपाशी जिल कडाडली, "तीन वर्षं तोंड शिवलं होतं का रे तुझं? एकदा तरी सांगायचंस!"

"रोज तर सांगत होतो," डेरिल म्हणाला. "माईकवर."

जिलने रडत रडत त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याला मिठी मारली. त्या उन्हाळ्यात ती आणि क्रेग दुसरा गिटारवाला घेऊन कॅलिफोर्नियाला गेले. डेरिल त्यांना निरोप द्यायला गेला होता. घरी आला तो जेवलाच नाही.

आजही रविवारी तळ्यावरून आला की तो तळघरात उतरतो आणि माझ्या बशा चालू लागतात. गात मात्र नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "आता काय सांगायचं राहिलंय?"

त्याचं खरं असेल. पण मला तो आवाज पुन्हा ऐकावासा वाटतो. सख्ख्या भावाचा आवाज, उभ्या आयुष्यात एकदाच नीट ऐकला, तोही मासे तळताना.